वॉलपॅक : सात माणसांची टाऊनशिप

'टाऊनशिप' हा शब्द आपल्याकडे बहुधा कारखान्याच्या वसाहतीला लावला जातो. कारखाना उभा राहिला की त्याच्या भोवती कामगारांची घरे, शाळा, दवाखाना होतो आणि त्या सगळ्याला आपण टाऊनशिप म्हणतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र टाऊनशिप हा स्थानिक कारभाराचा एक रीतसर घटक आहे. अमेरिकेची राज्यघटना, तिचा अध्यक्ष, तिची दोन सभागृहे यांविषयी आपण पाठ्यपुस्तकांत पुष्कळ वाचतो; पण कारभाराच्या या सर्वांत खालच्या पायरीविषयी एखादी ओळच वाट्यास येते. ती उणीव थोडी भरून काढावी म्हणून प्रस्तुत लेखात न्यू जर्सी राज्यातील वॉलपॅक या टाऊनशिपचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

२०२० च्या जनगणनेत वॉलपॅकची लोकसंख्या ७ भरली. इतकी लहान वस्ती अभ्यासासाठी मुद्दामच निवडली आहे. स्थानिक स्वराज्य संस्था कशाच्या आधारावर उभी असते? जमिनीच्या, माणसांच्या, कराच्या की कायद्याच्या? मोठ्या शहरात हे चारही आधार एकमेकांत इतके मिसळलेले असतात की प्रश्न सुचतच नाही. वॉलपॅकमध्ये त्यांतील एकेक आधार ढासळत गेला, म्हणून ते वेगवेगळे पाहता येतात.

टाऊनशिप म्हणजे काय?

अमेरिकेत या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. १७८५ च्या जमीनविषयक कायद्याने पश्चिमेकडील सरकारी जमिनीची मोजणी करताना सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोन पाडण्यात आले. अशा एका चौकोनास टाऊनशिप म्हणत. त्याचे ३६ भाग करून सोळावा भाग शाळेसाठी राखून ठेवीत. ही झाली मोजणीची टाऊनशिप. तिला स्वतःचा कारभार असेलच असे नाही.

दुसरी कारभाराची टाऊनशिप. देशातील २० राज्यांत 'टाऊन' किंवा 'टाऊनशिप' या वर्गात मोडणाऱ्या १६ हजारांहून अधिक स्थानिक संस्था आहेत. त्यांचे अधिकार राज्याराज्यांत निरनिराळे आहेत. न्यू जर्सीमध्ये २१ कौंट्या असून कौंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा समजावा. या कौंट्यांत मिळून ५६४ नगरसंस्था आहेत. सिटी, टाऊन, बरो, व्हिलेज आणि टाऊनशिप असे त्यांचे पाच प्रकार आहेत. राज्यातील प्रत्येक तसू जमीन यांपैकी कोणत्या तरी एका नगरसंस्थेत मोडते. कोणाच्याही हद्दीत नाही अशी मोकळी जागा तेथे नाही. नावावरून आकाराचा अंदाज मात्र करता येत नाही. भारतीयांची मोठी वस्ती असलेली एडिसन हीदेखील टाऊनशिपच, आणि २०२० मध्ये तिची लोकसंख्या एक लाखाहून अधिक होती. कायद्याच्या वहीत एडिसन आणि वॉलपॅक ही दोन्ही नावे एकाच रकान्यात आहेत.

भूगोल

न्यू जर्सीच्या वायव्य कोपऱ्यात ससेक्स कौंटी आहे व तिच्या पश्चिम कडेला वॉलपॅक. क्षेत्रफळ सुमारे २४ चौरस मैल, म्हणजे ६२ चौरस किलोमीटरच्या आसपास. पश्चिमेस डेलावेअर नदी वाहते. पलीकडचा काठ पेनसिल्व्हेनिया राज्याचा. पूर्वेस किटाटिनी ही लांबलचक डोंगररांग आहे. या दोहोंच्या मध्ये वॉलपॅक रिज नावाची एक बुटकी रांग असल्यामुळे टाऊनशिपमध्ये दोन समांतर खोरी तयार झाली आहेत, एक डेलावेअरचे व दुसरे फ्लॅट ब्रूक या लहान नदीचे. फ्लॅट ब्रूक नैर्ऋत्येकडे वाहत जाऊन फ्लॅटब्रूकव्हिल या वाडीजवळ डेलावेअरला मिळते. तेथे डेलावेअर इंग्रजी 'एस' अक्षरासारखे मोठे वळण घेते. पाण्यातील भोवऱ्याच्या अर्थाच्या लेनापे भाषेतील शब्दावरून वॉलपॅक हे नाव पडले असे सांगतात. लेनापे हे या प्रदेशाचे मूळ रहिवासी. त्यांच्यामागून डच व इतर युरोपीय शेतकरी नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर येऊन वसले.

१७३१ पासून वॉलपॅकचा उल्लेख सापडतो. म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्यापूर्वी ४५ वर्षे हे नाव कागदोपत्री आहे. पुढे २१ फेब्रुवारी १७९८ च्या कायद्याने न्यू जर्सीत पहिल्या १०४ टाऊनशिप रीतसर स्थापन झाल्या, त्यांत वॉलपॅक होती.

कारभार

प्रारंभी टाऊनशिपचा कारभार वार्षिक गावसभेत चाले. मतदार एकत्र जमत आणि खर्च, रस्ते, अधिकारी यांविषयी स्वतःच ठरवीत. १८९९ च्या कायद्यानंतर हा अधिकार निवडून दिलेल्या समितीकडे गेला. आज वॉलपॅकमध्ये तीन सभासदांची टाऊनशिप समिती आहे. सभासदाची मुदत तीन वर्षांची असून दर वर्षी एक जागा निवडणुकीस येते, त्यामुळे संपूर्ण समिती एकदम बदलत नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या सभेत समिती आपल्यातूनच एकास मेयर म्हणून निवडते. मेयरची निवडणूक लोकांकडून स्वतंत्रपणे होत नाही. दप्तर सांभाळणारा क्लार्क, करवसुली अधिकारी, मालमत्तेची आकारणी करणारा अधिकारी हे नेमलेले असतात.

सात माणसे आणि तीन जागा, हे गणित ऐकून हसू येईल. परंतु कायदा माणसे मोजून सूट देत नाही. अंदाजपत्रक मांडलेच पाहिजे, सभा जाहीर सूचना देऊन भरवलीच पाहिजे, हिशेबतपासणी झालीच पाहिजे. लाखाच्या एडिसनला जे नियम, तेच मुळात सातांच्या वॉलपॅकला.

सगळीच कामे मात्र टाऊनशिप स्वतः करीत नाही. प्राथमिक शिक्षणासाठी तिचा शेजारच्या सँडिस्टनबरोबर संयुक्त शाळा विभाग आहे. सातवीपासून पुढे मुले अनेक टाऊनशिपनी मिळून चालविलेल्या किटाटिनी विभागीय शाळेत जातात.

पैसा कोठून येतो?

वाणिज्याच्या विद्यार्थ्यास हा भाग अधिक मनोरंजक वाटेल. न्यू जर्सीत स्थानिक उत्पन्नाचा कणा म्हणजे मालमत्ता कर. जमीन व इमारती यांच्या आकारलेल्या किमतीवर दर १०० डॉलरमागे अमुक इतका असा तो लावतात. करदात्याला बिल एकच येते, पण त्यात मुख्यतः तीन हिस्से असतात : नगरसंस्थेचा, कौंटीचा आणि शाळेचा. वसुली तिघांच्या वतीने नगरसंस्था करते. एखाद्याने कर थकविला तरी कौंटीला आणि शाळेला त्यांचा हिस्सा पूर्ण चुकता करावा लागतो. म्हणून अंदाजपत्रकात न वसूल होणाऱ्या कराची तरतूद आधीच करून ठेवतात. तुटीचे अंदाजपत्रक चालत नाही. १९३० नंतरच्या मंदीत अनेक नगरसंस्था अडचणीत आल्या, तेव्हापासून राज्य सरकारची स्थानिक जमाखर्चावर करडी नजर आहे.

या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : हद्दीत कर देणारी मालमत्ता असणार. ती नाहीशी झाली तर? केंद्र सरकारच्या मालकीच्या जमिनीवर स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही. वॉलपॅकची जवळजवळ सर्व जमीन आज सार्वजनिक मालकीची आहे, आणि तीत सर्वांत मोठा वाटा केंद्र सरकारचा. असे का झाले, हे समजण्यासाठी एका धरणाची हकीकत पाहावी लागते.

न झालेले धरण

ऑगस्ट १९५५ मध्ये लागोपाठ आलेल्या दोन चक्रीवादळांमुळे डेलावेअरला मोठा पूर येऊन पुष्कळ प्राणहानी झाली. पूरनियंत्रणाची मागणी जोरात पुढे आली. १९६२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने टॉक्स बेटाजवळ मोठे धरण बांधण्यास मंजुरी दिली. पूर अडविणे, शहरांना पाणी, वीजनिर्मिती व करमणूक असे चार हेतू होते. नदीच्या वरच्या अंगास सुमारे ३७ मैल लांबीचा जलाशय होणार होता. त्याच्या काठावर लोकांना विश्रांतीसाठी जागा असावी म्हणून १९६५ मध्ये 'डेलावेअर वॉटर गॅप राष्ट्रीय करमणूक क्षेत्र' मंजूर झाले. दोन्हींसाठी मिळून न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनियाच्या काठांवरील हजारो लोकांची घरे व शेते सरकारने घेतली. काहींनी राजीखुशीने विकली, काहींवर सक्तीचे संपादन झाले. काहींनी ठरावीक मुदतीपर्यंत किंवा हयात असेतो राहण्याचा हक्क राखून ठेवला. पुष्कळ इमारती पाडण्यात आल्या.

धरण मात्र झालेच नाही. खर्च वाढत गेला. धरणाच्या जागेखालचा हिमनदीने आणून टाकलेला गाळमातीचा थर, जलाशयाच्या पाण्याचा दर्जा व परिसराची हानी यांविषयी शंका निघाल्या आणि विरोध संघटित झाला. जुलै १९७५ मध्ये नदीखोऱ्यातील चार राज्यांपैकी न्यू जर्सी, न्यूयॉर्क व डेलावेअर यांनी धरणाच्या विरुद्ध मत दिले. एकट्या पेनसिल्व्हेनियाने बाजूने दिले. १९७८ मध्ये नदीच्या या भागाला संरक्षित नदीचा दर्जा मिळाला आणि १९९२ मध्ये धरणाची मंजुरी कायद्याने रद्द झाली. संपादित जमीन मूळ मालकांकडे परत गेली नाही. ती राष्ट्रीय उद्यान खात्याकडे राहिली. धरणाविनाच माणसे धरणग्रस्त झाली.

या साऱ्या निर्णयांत वॉलपॅकच्या समितीला मत नव्हते. केंद्र सरकार, चार राज्ये व नदीखोरे आयोग यांच्यात निर्णय झाले. ज्या संस्थेची जमीन, माणसे व कर हे तिन्ही जाणार होते, ती संस्था निर्णयाच्या टेबलाशी नव्हती.

करमुक्त केंद्रीय जमिनीपोटी स्थानिक संस्थांना काही रक्कम द्यावी असा कायदा १९७६ मध्ये झाला. परंतु त्या हिशेबात एकर जसे मोजतात तशी लोकसंख्येनुसार कमाल मर्यादाही असते. जमीन पुष्कळ आणि माणसे थोडी, अशा ठिकाणी ही मर्यादाच आडवी येते. माणसे गेली ती जमिनीमुळे, आणि जमिनीची भरपाई मोजावयाची ती माणसांवरून, असा हा पेच आहे.

लोकसंख्या

जनगणनेचे आकडे पुरेसे बोलके आहेत. १९९० मध्ये ६७, २००० मध्ये ४१, २०१० मध्ये १६ आणि २०२० मध्ये ७. न्यू जर्सी हे अमेरिकेतील सर्वांत दाट वस्तीचे राज्य आहे. तेथे चौरस मैलास १,२०० हून अधिक माणसे राहतात. त्याच राज्यात वॉलपॅकमध्ये तीन चौरस मैलांना एक माणूसही पुरता येत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २०२० च्या जनगणनेत व्यक्तींची माहिती गुप्त राहावी म्हणून प्रसिद्ध आकड्यांत गणिती पद्धतीने किंचित फेरफार केलेला आहे. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवली आहे. त्याखालच्या घटकांचे आकडे थोडे मागेपुढे असू शकतात. लाखाच्या शहरात दोन-चार माणसांचा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. सातांच्या वस्तीत तो फार मोठा ठरतो. म्हणून '७' हा आकडा शब्दशः न घेता 'हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वस्ती' असा घेणे संख्याशास्त्राला धरून होईल.

शेजारचे उदाहरण

वॉलपॅकच्या दक्षिणेस पहाक्वारी नावाची टाऊनशिप होती. तिचीही जमीन याच योजनेत गेली. १९९० मध्ये तिची लोकसंख्या २० होती. जुलै १९९७ मध्ये ती हार्डविक टाऊनशिपमध्ये विलीन झाली व नकाशावरून तिचे नाव गेले. त्याहून लहान झालेली वॉलपॅक अद्याप स्वतंत्र आहे. वस्ती अमुक आकड्याखाली गेली म्हणून टाऊनशिप आपोआप संपत नाही. ती संपविण्याचा कायदेशीर ठराव व्हावा लागतो, हा या दोन उदाहरणांतील फरक आहे.

समारोप

प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाकडे आता वळू. वॉलपॅकच्या हद्दीतील जमीन जागेवर आहे, पण ती तिच्या माणसांची राहिलेली नाही. करपात्र मालमत्ता जवळजवळ संपली. माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली. तरीही १७९८ मध्ये कायद्याने दिलेले अस्तित्व टिकून आहे; सभा भरते, अंदाजपत्रक मांडले जाते. संस्थेला जिवंत ठेवण्यास कायदा पुरतो, असे यावरून दिसते. पण तिला समर्थ ठेवण्यास तो पुरत नाही. नियमित निवडणुका, चोख हिशेब, तपासणी हे सर्व असूनही आपल्या हद्दीतील घरे राहणार की जाणार हे ठरविण्याची ताकद वॉलपॅकच्या समितीत नव्हती. स्थानिक स्वराज्याचा अभ्यास करताना सभासदसंख्या आणि मुदत आपण पाठ करतो. त्याबरोबर आणखी एक रकाना आपल्या वहीत असावा : मोठा निर्णय होतो तेव्हा या संस्थेला कोण विचारतो?