घरगुती ध्वनिमुद्रण आणि गाणाऱ्याचा कान

हल्लीं आपल्या बाजूस गाणें घरच्या घरीं मुद्रित करण्याचा छंद बराच वाढला आहे. तळा तालुक्यांत शक्तितुऱ्याचीं मंडळें आहेत, भजनी मंडळें आहेत, शाळेच्या स्नेहसंमेलनांत गाणारीं मुलें आहेत. आणि गांवीं झालेलें गाणें मुंबईस असलेल्या चाकरमान्यांच्या कानीं पडावें अशी सर्वांचीच इच्छा असते. एक मायक्रोफोन, एक संगणक आणि त्या दोहोंस जोडणारी ‘ऑडिओ इंटरफेस’ नांवाची लहानशी पेटी एवढी सामुग्री असली म्हणजे काम सुरू होतें. एकट्यानें गाइलेलें गाणें बहुधा बरें उतरतें. अडचण येते ती दोघेतिघे मिळून गाऊं-वाजवूं लागले म्हणजे. एकाचा स्वर चढतो, दुसऱ्याचा ठेका मागें रेंगाळतो, आणि चारपांच प्रयत्नांनंतर घरांतील वडील मंडळी निकाल देऊन मोकळी होतात कीं मुलीच्या गळ्यांत सूरच नाहीं. असा निकाल ऐकून गाणें सोडून दिलेलीं मुलें थोडीं नसतील. पुष्कळ प्रसंगीं दोष गळ्याचा नसून कानाशीं पोहोंचलेल्या आवाजाचा असतो, आणि तो दूर करणें विद्यार्थ्यांच्याहि आटोक्यांतलें आहे, हें दाखविण्याचा येथें आमचा विचार आहे.

प्रथम गाणारा स्वतःस कसा ऐकतो तें पाहूं. आपला आवाज आपणांस दोन वाटांनीं ऐकूं येतो. तोंडांतून निघून हवेंतून कानाकडे येणारी एक वाट, आणि जबड्याच्या व कवटीच्या हाडांतून थेट आंतल्या कानाशीं जाणारी दुसरी. दोन्ही कानांत बोटें घालून एखादें वाक्य मोठ्यानें बोलून पहा; आवाज भरदार आणि घुमल्यासारखा वाटेल, कारण पहिली वाट अडली व दुसरी तेवढी उरली. शाहीर वरचा स्वर लावतांना एका कानावर हात ठेवतो तो उगाच नव्हे. ढोलकी-तुणतुण्याच्या गलबल्यांत स्वतःचा स्वर वेगळा ऐकूं यावा ही त्यांतील योजना असते. आतां, हेडफोन घातला म्हणजे हवेची वाट बव्हंशीं बंद होते, आणि हेडफोनांतून जें मिळेल त्यावरच गाणाऱ्यास आपला स्वर बेतावा लागतो. त्यांत स्वतःचा आवाज मंद आला तर तो जोर करून गातो, आणि स्वर चढण्याकडे कल होतो. आवाज फार मोठा आला तर उलट तो आंखडतो, श्वास अर्धा सोडतो, आणि स्वर उतरतो. गोंगाटांत मनुष्य नकळत आवाज चढवितो ही गोष्ट एत्येन लाँबार या फ्रेंच वैद्यानें १९११ सालीं दाखवून दिली, व त्या परिणामास आजहि त्याचेंच नांव आहे.

पूर्वीं हा प्रश्न इतका जाचक नव्हता. बोलपटांच्या आरंभीच्या काळांत मुंबईस गायक व वादक एकाच दालनांत, एकाच वेळीं गात-वाजवीत, व कोण किती ऐकूं यावा हें पुष्कळसें मायक्रोफोनापासूनच्या अंतरावर ठरे. १९४९ सालच्या ‘महल’ या चित्रपटांतील प्रसिद्ध गाण्याच्या वेळीं, दुरून जवळ येणारा आवाज हवा म्हणून आपण दालनाच्या दूरच्या टोकापासून गात गात मायक्रोफोनाकडे चालत आलों, अशी आठवण लता मंगेशकर यांनीं सांगितली आहे. हेडफोन त्याच्या कितीतरी आधीं निघाला होता. अमेरिकेंतील नॅथॅनियल बाल्डविन यांनीं घरीं तयार केलेले हेडफोन १९१० च्या सुमारास तेथील आरमारानें घेतले, पण ते बिनतारी संदेश ऐकणाऱ्यांसाठीं. पुढें प्रत्येक वाद्य वेगळ्या मार्गावर मुद्रित करण्याची सोय झाली. एक जण एका खोलींत, दुसरा दुसऱ्या खोलींत, किंवा एक आज गातो व दुसरा उद्यां वाजवितो, असें होऊं लागलें, आणि तेव्हांपासून गाणाऱ्याच्या कानांत काय द्यावें हा स्वतंत्र विचाराचा विषय झाला.

आतां एक घर डोळ्यांपुढें आणूं. बहीण माजघरांत गाते आहे आणि भाऊ ढोलकी घेऊन ओटीवर बसला आहे. कारण एकाच खोलींत बसविलें तर ढोलकीचा आवाज बहिणीच्या मायक्रोफोनांत शिरतो आणि मग तो पुरतेपणीं वेगळा काढणें कठीण जातें. पेटीचे स्वर आदल्या दिवशीं काकांनीं मुद्रित करून ठेवले आहेत. दोघांमध्यें भिंत आहे, म्हणून दोघांच्या कानांवर हेडफोन हवेत. बहिणीस काय हवें? पेटीचा किंवा तंबोऱ्याचा स्वर स्वच्छ, स्वतःचा आवाज बेताचा, आणि ठेका सम कळण्यापुरता. भावास काय हवें? लयीचा टाळ ठसठशीत, गाण्याचे शब्द कळतील इतके, आणि स्वतःची ढोलकी जवळजवळ नकोच, कारण ती त्याच्या मांडीवरच आहे. दोघांच्या गरजा अशा एकमेकींच्या विरुद्ध असतांना बहुतेक घरांत काय केलें जातें, तर बाजारांतून दुभाजक आणून एकाच छिद्रांत दोन हेडफोन खोंचतात. मग ती म्हणते टाळ कमी कर, तो म्हणतो टाळ वाढव, आणि संगणकापाशीं बसलेला तिसरा दोघांसहि पसंत नसलेलें असें कांहीं तरी मधलें देऊन वेळ मारून नेतो.

यावर उपाय आपल्या नारळीपोफळीच्या वाडींत रोज दिसतो. रहाटाचें पाणी एकाच दोणींत पडतें. पण तेथून पाट निघतात, आणि प्रत्येक आळ्याशीं मातीची बांधणी कमीजास्त करून पोफळीस तिच्यापुरतें व नारळास त्याच्यापुरतें पाणी सोडतां येतें. एका आळ्याचें तोंड बंद केल्यानें दुसरें आळें सुकत नाहीं. ध्वनिमुद्रणाच्या संगणकीय साधनांत अशा पाटास ‘सेंड’ म्हणतात. प्रत्येक आवाजाच्या पट्टीवर, म्हणजे गायन, पेटी, ढोलकी, टाळ यांच्या पट्ट्यांवर, दोन दोन सेंड उघडावे; पहिले सर्व बहिणीच्या हेडफोनाकडे जावे, दुसरे सर्व भावाच्या. मग बहिणीच्या पाटांत टाळ थेंबभर सोडावा, भावाच्या पाटांत भरपूर. अशा प्रकारें एकाच गाण्याचीं दोन मिश्रणें होतात, आणि मुद्रित होत असलेल्या मूळ आवाजास कोठेंहि धक्का लागत नाहीं. हा शेवटचा मुद्दा पालकांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. हेडफोनांत जें कमीजास्त केलें जातें तें केवळ गाणाऱ्याच्या सोयीसाठीं असतें, तयार होणाऱ्या गाण्यांत तें उतरत नाहीं.

हे सेंड ‘प्री-फेडर’ करून ठेवावे. याचा अर्थ असा कीं पाट मुख्य दांड्याच्या आधींच फुटतो. तसें न केलें तर संगणकापाशीं बसलेल्यानें नुसतें स्वतः ऐकून पाहण्यासाठीं ढोलकीची पट्टी खालीं ओढतांच गाणाऱ्या मुलीच्या कानांतील ठेका नाहींसा होतो, आणि ती मधल्याच ओळीवर थबकते.

पेटी विकत घेतांना एक गोष्ट तपासावी. कित्येक इंटरफेसांस हेडफोनांचीं दोन छिद्रें असतात, पण दोहोंतून एकच मिश्रण बाहेर येतें. छिद्रें मोजूं नयेत. बाहेर जाणारे स्वतंत्र मार्ग दोन आहेत कीं चार, हें विचारावें. चार असले तर १-२ ही जोडी एका मिश्रणास व ३-४ ही दुसऱ्यास देतां येते. दोनच असले तरीहि निराश होण्याचें कारण नाहीं. बहिणीचें सर्व मिश्रण डावीकडे सरकवावें, भावाचें उजवीकडे. मग साधा दुभाजक लावून दोघांस हेडफोन द्यावे. दोघांसहि दोन्ही मिश्रणें मिळतील, परंतु बहिणीनें फक्त डावी वाटी कानावर घ्यावी आणि भावानें फक्त उजवी. मोकळी राहिलेली वाटी कानामागें हाडाशीं घट्ट दाबून ठेवावी, लोंबकळूं देऊं नये, नाहीं तर तिच्यांतील टाळ मायक्रोफोनांत शिरेल. ही युक्ति आम्हांस फार आवडते, कारण तींत खर्च एका दुभाजकाचा व लांब तारेचा, आणि शिवाय गाणाऱ्याचा एक कान मोकळा राहून त्याची हवेची वाट त्यास परत मिळते.

यापुढें विलंबाची अडचण येते, आणि अनेकांचें गाणें बिघडतें तें येथेंच. आवाज मायक्रोफोनांतून संगणकांत जातो, तेथें अंकांचे गठ्ठे बांधले जातात, आणि मग तो हेडफोनांत परत येतो. सेकंदास ४४,१०० नमुने घेतले व १,०२४ नमुन्यांचा एक गठ्ठा केला, तर एका गठ्ठ्यास सुमारें २३ सहस्रांश सेकंद लागतात. जातांना एक व येतांना एक धरला तर ४६. तेवढ्या वेळांत ध्वनि हवेंतून सुमारें १६ मीटर जातो. म्हणजे आपला आवाज अंगणाच्या पलीकडून ऐकत ऐकत गाण्यासारखें तें झालें. हाडांच्या वाटेनें आलेला स्वर आधीं आणि हेडफोनांतला मागाहून, अशा ओढाताणींत चांगल्या गाणाऱ्याचीहि लय सुटते. सुमारें एक पंचमांश सेकंदाच्या विलंबानें तर साधें बोलणेंहि अडखळतें, असें बर्नार्ड ली यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आढळलें होतें. म्हणून मुद्रण करतांना गठ्ठा लहान, १२८ नमुन्यांचा ठेवावा. संगणक तेवढें झेपवीत नसेल तर इंटरफेसवरील थेट ऐकण्याची कळ दाबावी, म्हणजे स्वतःचा आवाज संगणकांत न जातां पेटींतूनच परत येतो. मात्र डावी-उजवी युक्ति योजिली असतां हा थेट आवाज बहुधा दोन्ही बाजूंस जातो, व तो भावासहि ऐकूं येणारच. बिनतारी हेडफोन या कामास अजिबात घेऊं नयेत; त्यांतील विलंब याहून पुष्कळ मोठा असतो.

मिश्रण कसें भरावें? सर्व पाट बंद करून आरंभ करावा. बहिणीसाठीं प्रथम तंबोरा सोडावा. तंबोऱ्याच्या घोडीवरील जव्हारीमुळें तारेंतून अनेक वरचे स्वर एकाच वेळीं खुलतात, याचा अभ्यास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केला होता. त्या वरच्या स्वरांमुळें षड्ज हलक्या आवाजांतहि स्पष्ट राहतो. पेटीपेक्षां तंबोरा द्यावा असें आमचें मत त्यामुळेंच आहे. मग तिचा स्वतःचा आवाज, आणि सर्वांत शेवटीं ठेका. गाणाऱ्यानें “वाढवा” म्हटलें तर आधीं दुसरें कांहीं कमी करून पहावें. पुष्कळदां तेवढ्यानें भागतें.

कोरडा आवाज कानांत आला कीं मुलें बुजतात. राजपुरी खाडीकडील कुडें येथील लेण्यांत उभे राहून ज्यांनीं एखादा स्वर लावला असेल त्यांस ठाऊक आहे कीं दगडी दालनांत स्वर परतून येऊं लागला म्हणजे गाणाऱ्यास कसा धीर येतो. तसा घुमारा संगणकांतून हेडफोनापुरता देतां येतो, आणि मुद्रण कोरडेंच राहतें. तो थोडाच द्यावा. जास्त झाला तर स्वराची कड बोथट होते आणि किंचित् खालीं लागलेला स्वर गाणाऱ्यास कळत नाहीं.

हेडफोन चहूंकडून बंद वाटीचेच असावे. पावसाळ्यांत पत्र्यावर सर वाजूं लागली कीं मुलें हेडफोनाचा आवाज वाढवितात, आणि सर थांबल्यावर तो कमी करण्याचें विसरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकणें सुरक्षित आहे. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. गळा दोन दिवस विश्रांति दिली तर सुधारतो, पण कानांतील सूक्ष्म केसपेशी एकदां मेल्या कीं मनुष्याच्या कानांत त्या पुन्हां उगवत नाहींत. जोराचा पाऊस चालू असतां मुद्रण तहकूब ठेवावें हेंच बरें.

घरांतील वृद्ध स्त्रियांविषयीं थोडें निराळें सांगावयाचें आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं सुरू केलेल्या कामांत महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून १ लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या एकत्र झाल्या. तशाच ओव्या ज्या आजींस येत असतील त्यांचा आवाज घरांतल्या कोणीं तरी मुद्रित करून ठेवावा अशी आमची कळकळीची विनंति आहे. परंतु आजींच्या कानांवर हेडफोन चढवूं नये. त्यांचा स्वर जात्याच्या घरघरीवर आणि स्वतःच्या आवाजावर लागलेला असतो, टाळाच्या ठोक्यावर नव्हे. त्यांस त्यांच्या लयींत, मायक्रोफोन वीतभर दूर ठेवून, एकट्यानें गाऊं द्यावें. नातीस मागाहून साथ करावयाची असेल तर तिच्या हेडफोनांत आजींचा आवाज सर्वांत मोठा असावा, टाळ मुळींच नसावा, आणि तंबोऱ्याचा षड्ज आजींच्या स्वराशीं जुळेपर्यंत थोडथोडा सरकवून घ्यावा. पेटीच्या पट्टीशीं तो नेमका बसेलच असें नाहीं.