परसातलं वर्कशॉप : दार आणि दिवे

मिशिगनमध्ये स्थिरावल्यावर अनेकांना परसात सुतारकामासाठी स्वतंत्र खोली हवीशी वाटते. गणपतीचं मखर, मंडळाच्या नाटकाचं नेपथ्य, घरची फडताळं, सगळं तिथेच होतं. डेट्रॉईटच्या आसपास बरीच वर्षं राहणाऱ्या आम्हा कुटुंबांचं नव्यांना आग्रहाचं सांगणं आहे : दार आणि दिवे एकाच कागदावर, काँक्रीट ओतण्याआधी ठरवा.

दारवाला वेगळा, वायरमन वेगळा, आणि दोघांची गाठ पडत नाही. वर सरकणारं गॅरेजचं दार उघडलं की छताखाली आडवं होतं. 7 फूट उंचीचं दार आत जवळजवळ तितकंच छत व्यापतं आणि तिथले दिवे त्याच्यामुळे झाकले जातात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी दार उघडं ठेवून काम करावं, तर नेमका टेबलावर अंधार. म्हणून दार कुठवर येतं ते नकाशात आखा आणि टेबल व दिवे त्याच्या पलीकडे घ्या. छत उंच असेल तर दाराचे रूळ भिंतीलगत आणखी वर नेता येतात. त्यासाठी खर्च करावा, असं आमचं मत आहे.

रुंदी ठरवताना आठ बाय चारचं प्लायवूड आणि तयार मखर डोळ्यांसमोर आणा. येण्याजाण्यासाठी 3 फुटी दार वेगळं ठेवाच. हिवाळ्यात दर वेळी मोठं दार उघडलं तर खोलीची ऊब टिकत नाही. हे छोटं दार बाहेर उघडणारं असेल तर बर्फ साचल्यावर अडतं, आत उघडणारं जागा खातं. आमच्यातल्या बहुतेकांनी दारावर छपराची पडवी काढून ते बाहेरच उघडतं ठेवलं. मग बिजागऱ्यांच्या खिळ्या बाहेरून निघणार नाहीत अशाच घ्या. मोठ्या दाराच्या स्प्रिंगमध्ये प्रचंड ताण असतो. तिला हात लावू नका, जाणकार माणूस बोलवा. मोटर बसवलीत तर जमिनीपासून 6 इंचांच्या आत असलेले सेन्सर भुशाने झाकले जात नाहीत ना, ते पाहत जा.

दिव्यांत एलईडी घ्या. साध्या ट्यूब थंडीत नीट पेटत नाहीत. शिवाय इथली वीज 60 हर्ट्झची असल्याने जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला 120 वेळा लुकलुकते, आणि त्या उजेडात फिरतं पातं थांबल्यासारखं भासू शकतं. ते धोक्याचं आहे. 4000 ते 5000 केल्विनचा उजेड आणि 90 च्या वर सीआरआय (रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक) असला की लाकडाचा खरा रंग कळतो. दिव्याची ओळ टेबलाच्या पुढच्या कडेच्या वर असू द्या, पाठीमागे असेल तर आपलीच सावली कामावर पडते. दिव्यांचं सर्किट यंत्रांपासून वेगळं हवंच. करवतीचा ब्रेकर पडला तरी पातं काही क्षण फिरतच राहतं, तेव्हा अंधार होता कामा नये.

200 चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली स्वतंत्र बांधकामाला मिशिगनमध्ये इमारतीचा परवाना लागत नाही, पण वीज नेण्यासाठी परवाना आणि तपासणी लागते. चर खणण्याआधी किमान तीन कामाचे दिवस 811 वर कळवा. जमिनीखालच्या वायरी आणि नळ्यांच्या खुणा फुकट करून मिळतात, मात्र मीटरच्या पुढची तुमची स्वतःची वायर किंवा गॅसची नळी त्यांत येत नाही, ती वेगळी शोधून घ्यावी लागते.