खोली भाड्याची, जीव आपला

शेत पिकले नाही, घरात खाणारी तोंडे वाढली, की गावचा गडी शहराची वाट धरतो. कोणी पुण्याला बांधकामावर जातो. कोणी भिवंडीला यंत्रमागावर उभा राहतो. कोणी मुंबईला हमाली करतो. मागून बायकामुले जातात. तिथे स्वतःचे घर कुठले? दहा बाय दहाची भाड्याची खोली. तिच्यातच रांधायचे, तिच्यातच निजायचे.

खोली घेताना आपण काय विचारतो? पाणी किती वेळ येते? डिपॉझिट किती? विजेचे बिल कोणी भरायचे? पण गॅसची टाकी कुठे ठेवायची, हे कोणी विचारत नाही. या धड्यात आम्ही तेच सांगणार आहोत.

गॅसचा स्वभाव

चुलीचा जाळ डोळ्यांना दिसतो. गॅस दिसत नाही. म्हणून आधी त्याचा स्वभाव ओळखावा.

टाकीत गॅस दाबून भरतात. दाबामुळे तो पातळ होऊन राहतो. टाकी हलवली की आत डुचमळते, ते हेच. घरगुती मोठ्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. बाहेर पडला की तो फुगतो. एक वाटी पातळ गॅसचा सुमारे अडीचशे वाट्या वायू होतो.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. धूर आढ्याकडे जातो. हा मात्र पाण्यासारखा खाली उतरतो. जमिनीलगत पसरतो, खाटेखाली आणि मोरीत साचतो. आपण निजतो जमिनीवर, आणि गॅसही साचतो जमिनीवर. हवेच्या शंभर भागांत गॅसचे दोनेक भाग मिसळले, की एक ठिणगी पुरते.

गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचे औषध घालतात. तो वास म्हणजे राखणदाराची हाळी समजा.

खोली घेण्यापूर्वी पाहा

पहिली गोष्ट खिडकी. ती उघडते का, हे स्वतः उघडून पाहावे. खाली, जमिनीलगत जाळी किंवा झरोका असला तर फार चांगले. वर खिडकी आणि खाली झरोका, म्हणजे वारा खेळता राहतो.

दुसरी गोष्ट टाकीची जागा. टाकी उभीच ठेवावी. आडवी करू नये. खड्ड्यात, बंद कपाटात किंवा तळघरात ठेवू नये. शेगडी टाकीपेक्षा उंचावर, ओट्यावर किंवा टेबलावर ठेवावी. पुष्कळ खोल्यांत टाकी आणि शेगडी दोन्ही जमिनीवर असतात. ते धोक्याचे आहे.

तिसरी गोष्ट नळी. शिक्का असलेली, आत तारेची जाळी असलेली नारिंगी नळी घ्यावी. ती पाच वर्षांच्या आत बदलावी. चीर दिसली तर त्याच दिवशी बदलावी. आधीचा भाडेकरू नळी ठेवून गेला असेल, तर ती वापरू नये. ती किती जुनी आहे, कोणास ठाऊक?

चौथी गोष्ट टाकीवरचे अक्षर. टाकीच्या मुठीखाली तीन पट्ट्या असतात. एका पट्टीवर आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च. बी म्हणजे एप्रिल ते जून. सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर. डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. 'सी २८' असे असेल, तर त्या टाकीच्या तपासणीची मुदत २०२८ च्या सप्टेंबरपर्यंत आहे. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये. ती परत करावी. आता तुम्हांला वाचता येते, मग वाचूनच टाकी घरात घ्या.

पत्ता नाही म्हणून कोणी कोपऱ्यावरच्या दुकानातून बारकी टाकी भरून आणतो. मोठ्या टाकीतून बारकीत गॅस भरणे बेकायदा आहे, आणि त्यात स्फोट होतात. अधिकृत वितरकाकडे पाच किलोची छोटी टाकी मिळते. तिला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. थोडे जास्त पैसे पडतील, पण रात्री झोप लागेल.

दुसरा चोर

गळणारा गॅस हा वास देणारा चोर. दुसरा चोर वास देत नाही. बंद जागेत गॅस किंवा कोळसा जळू लागला, की हवा कमी पडते. मग अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते, दमलो म्हणून झोप आली. तो झोपतो, तो उठतच नाही.

हा चोर दोन वाटांनी येतो. थंडीत दारे लावून कोळशाची शेगडी पेटवली, ही एक. न्हाणीत गॅसचा गिझर बसवला, ही दुसरी. खिडकी नसलेल्या न्हाणीत गॅसचा गिझर नसावाच. असलाच तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, मगच कडी लावून आंघोळ करावी. न्हाणीत गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल, तर दार तोडायला मागेपुढे पाहू नका. त्याला उघड्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या.

वास आला तर

काडी ओढू नका. विजेचे बटण चालू करू नका, बंदही करू नका. दोन्हींत ठिणगी पडते. शेगडी पेटती असेल तर विझवा. रेग्युलेटर बंद करा, तो काढून टाकीला टोपी लावा. दारे-खिडक्या उघडा. मुलांना घेऊन बाहेर पडा, शेजाऱ्यांना सांगा. मग बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करा. गॅसगळतीसाठी हा क्रमांक देशभर दिवसरात्र चालतो.

गळती शोधायची तर साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे आले तर तिथे गळते. काडी पेटवून कधीही पाहू नये. रात्री निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा.

मालकाला सांगावे कसे?

"एवढी वर्षे चालतंय, तुम्हालाच काय झालं?" असे काही मालक म्हणतात. आपणही गप्प बसतो. वाटते, बोललो तर खोली खाली करायला लावतील. पण नम्रपणे लिहून सांगता येते. पुढील पत्र पाहा.

"श्री. घरमालक यांस, स. न. वि. वि. आम्ही आपल्या खोलीत भाड्याने राहतो. स्वयंपाकाच्या जागेची खिडकी कुजून घट्ट बसली आहे. ती उघडत नाही. गॅस गळाला तर बाहेर जायला वाट नाही. कृपा करून पंधरा दिवसांत ती दुरुस्त करून द्यावी, ही विनंती. आपला भाडेकरू."

खाली तारीख घाला, सही करा, एक प्रत आपल्याजवळ ठेवा. टपालाने पाठवले तर पावती जपा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचे चौदावे कलम अशा वेळी उपयोगी पडते. वेगळा करार नसेल, तर घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे काम आहे. निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही, योग्य वेळेत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नसावी. पुष्कळ खोल्या अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' कागदावर देतात. तिथे हे कलम लागू होईलच असे नाही. म्हणून दुरुस्ती कोणी करायची, हे त्या कागदात आधीच लिहून घ्यावे. न वाचता अंगठा देण्याचे दिवस आता गेले.

भिंती मालकाच्या आहेत. त्यांच्या आत निजणारी लेकरे आपली आहेत.

सराव

१. गळलेला गॅस वर जातो की खाली? का?
२. 'बी २९' याचा अर्थ काय?
३. वास आल्यावर बटण बंद का करू नये?
४. तुमच्या टाकीवरचे अक्षर आणि आकडा आज वहीत लिहा.
५. शहरात राहणाऱ्या आपल्या माणसाला पत्र लिहा. त्याच्या खोलीची खिडकी उघडते का, ते विचारा.