स्पोर्ट्स कारला नवे टायर : दुकानदाराने काय पाहावे?

साध्या गाडीचे टायर बदलायचे म्हणजे जुन्या टायरवरचे माप वाचायचे आणि त्याच मापाचा नवा टायर रॅकवरून काढायचा. पण दुकानासमोर स्पोर्ट्स कार येऊन उभी राहिली की एवढ्यावर भागत नाही. आखातात, विशेषतः दुबई-शारजाच्या बाजूला, टायरच्या दुकानांत आणि गॅरेजमध्ये आपल्या रायगड-रत्नागिरीकडील पुष्कळ तरुण कामाला आहेत. त्यांच्यापुढे असल्या गाड्या नेहमी येतात. गिऱ्हाईक बहुधा तरुण असतो. जाहिरात पाहून आलेला असतो, आणि "सगळ्यात चांगला टायर दाखवा" एवढेच म्हणतो. चांगला कशासाठी, हे त्याला विचारावे लागते.

उदाहरणादाखल एकच गाडी घेऊ. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून बनवलेली टोयोटा ८६ ही गाडी २०१२ साली बाजारात आली. दोन लिटरचे इंजिन, सुमारे दोनशे अश्वशक्ती, मागच्या चाकांवर ओढ आणि वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. २०२१ नंतर तिची जागा जीआर ८६ या नव्या मॉडेलने घेतली, पण जुन्या गाड्या सेकंडहँड बाजारात भरपूर फिरतात. गंमत म्हणजे या गाडीच्या १७ इंची रिमवर कंपनीने जो मिशलिन प्रायमसी एचपी टायर दिला होता, तोच टायर प्रिअस या पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीच्या काही मॉडेलवरही येत असे. स्पोर्ट्स कारला काटकसरीचा टायर, म्हणून पुष्कळ लोक हसले. वास्तविक कंपनीने ते जाणून केले होते. पकड मर्यादित असली की गाडी कमी वेगातही हलकेच घसरते आणि चालवणाऱ्याला तिचा अंदाज येतो. तेव्हा जास्त पकड म्हणजे जास्त चांगला टायर, हे समीकरण कारखान्यालाही मान्य नव्हते. दुकानदारानेही ते डोळे झाकून मानू नये.

आता माप पाहू. या गाडीचे मूळ माप २१५/४५ आर १७, ८७ डब्ल्यू. २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ४५ म्हणजे रुंदीच्या ४५ टक्के उंचीची बाजूची भिंत. १७ इंच हा रिमचा व्यास. हिशेब केला तर एका बाजूची भिंत ९६.७५ मिलिमीटर भरते. ती दुप्पट करून त्यात रिमचे ४३१.८ मिळवले की टायरचा एकूण व्यास ६२५ मिलिमीटर येतो. हा आकडा फार हलता कामा नये, कारण मीटरचा वेग आणि ब्रेकची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्याच्यावर चालते. गिऱ्हाईक १८ इंची रिम घालून आला असेल तर २१५/४० आर १८ चा व्यास ६२९ होतो, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा थोडासा फरक. तो चालेल. २२५/४० आर १८ घेतला तर ६३७ होतो, जवळजवळ दोन टक्के जास्त. तेवढ्याने गाडी बंद पडत नाही, पण मीटर वेग कमी दाखवू लागतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आत घासते का, हे पाहावे लागते. मूळ रिम सात इंच रुंद आहे. तिच्यावर २२५ बसतो. २४५ चा हट्ट धरणाऱ्याला मात्र नाही म्हणावे. टायर फुगल्यासारखा बसतो, भिंत डुलते आणि पैसे जास्त देऊन गाडी आधीपेक्षा सुस्त होते.

८७ हा भाराचा आकडा आहे. एका टायरला ५४५ किलो. त्याच्या खाली कधी उतरू नये. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत. व्ही २४० पर्यंत आणि वाय ३०० पर्यंत. ही गाडी सव्वादोनशेच्या आसपास धावते, मग व्ही पुरेल असे कोणी म्हणेल. तो आकडा नव्या, योग्य हवा भरलेल्या टायरचा असतो. हवा कमी, ऊन जास्त, टायर दोन वर्षे वापरलेला, अशा वेळी वरची मोकळी जागा हाच आधार असतो.

टायरच्या अंगावर आणखी एक आकडा असतो, झिजेचा. २००, ३००, ४०० असा. हा अमेरिकन पद्धतीचा आकडा आहे. टेक्सासमधील ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल टायर चालवून, १०० धरलेल्या नमुन्याच्या टायरशी त्याची झीज ताडून पाहतात. पण आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो कामाचा, दोन कंपन्यांत फारसा नाही. मिशलिनच्या पायलट स्पोर्ट ४एस वर ३०० असतो आणि कप २ वर १८०. दुसरा टायर शर्यतीच्या मैदानाच्या जवळचा आहे. रबर मऊ, नाली थोडी. कोरड्या रस्त्यावर तो डांबराला चिकटून राहतो, पण साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो. आखातात पाऊस कुठे पडतो, असे म्हणणाऱ्यांनी १६ एप्रिल २०२४ चा दिवस आठवावा. त्या दिवशी संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत जास्त पाऊस झाला. शिवाय एरवीही वर्षाचा पहिला पाऊस महिनोन्महिने साचलेल्या धुळीवर आणि तेलावर पडतो, आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. ज्याची एकच गाडी आहे, जो तीच घेऊन कामावर जातो, त्याला कप २ सारखा टायर विकणे म्हणजे त्याला अडचणीत घालणे होय.

उन्हाचा विचार त्याहून मोठा. उन्हाळ्यात तिकडचे डांबर साठ अंशांच्या वर तापते. रबराला ऊन खाते, आणि न वापरता पडून राहिलेला टायरही म्हातारा होतो. भिंतीवर चार आकडे असतात. १४२३ असेल तर २०२३ सालच्या चौदाव्या आठवड्यातला माल. अमिरातीत टायरचे वय पाच वर्षांपर्यंतच धरतात, म्हणून तिथे हे चार आकडे म्हणजे मालाची खरी किंमत. नक्षी कितीही शाबूत असो, तारीख गेली की माल गेला.

इथेच धंद्याची परीक्षा होते. महाडकडचा एक ओळखीचा मुलगा शारजातील एका दुकानात फिटर होता. ८६ घेऊन एक गिऱ्हाईक आला. मागचे दोन्ही टायर आतल्या कडेला तारेपर्यंत झिजलेले. मालकाने रॅकवरचे चार वर्षांचे जुने, पण न वापरलेले टायर "नवे" म्हणून सवलतीत देऊ केले. मुलाने फिटिंगच्या वेळी गिऱ्हाइकाला चार आकडे वाचून दाखवले. गिऱ्हाईक टायर न घेताच गेला. मालकाने त्या महिन्याचा ओव्हरटाइम दिला नाही. चार-पाच महिन्यांनी मुलाने ते दुकान सोडले. आज तो दुसरीकडे आहे आणि पगार आधीपेक्षा फार जास्त नाही. त्याला विचारले तर म्हणतो, "चाचा, त्या गाडीत मागे लहान मुलाची सीट बांधलेली होती."

मालकाची अडचणही खोटी नव्हती. असल्या मापांचा माल पडून राहतो. म्हणून खपणारे दोन-तीन मापच ठेवावेत आणि बाकीचे अ‍ॅडव्हान्स घेऊन मागवावेत. ठेवलेला माल उन्हापासून आणि कंप्रेसरच्या मोटारीपासून लांब ठेवावा. मोटारीच्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन रबराला बारीक चिरा पाडतो. वर्ष-दीड वर्ष झालेल्या मालाची तारीख सांगून भाव उतरवावा. त्यात तोटा थोडाच होतो.

दोनच टायर घ्यायचे असतील तर ते कुठे बसवायचे? गिऱ्हाईक नेहमी म्हणतो, पुढे बसवा, स्टिअरिंग पुढे असते. हे चूक आहे. नवे टायर मागे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की बहुधा सावरते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते, आणि मग कुशल चालकालाही वेळ मिळत नाही. मागच्या चाकांवर ओढ असलेल्या गाडीत तर हे कटाक्षाने पाळावे. पुढे एक आणि मागे दुसरा, असा दोन प्रकारांचा मेळही शक्यतो टाळावा.

त्या मुलाने पाहिलेली आतल्या कडेची झीज ही टायरची नव्हे, अलाइनमेंटची खूण असते. ती न तपासता नवे टायर चढवले तर सहा महिन्यांत गिऱ्हाईक भांडायला परत येईल. टायरवर बाहेरची बाजू लिहिलेली असते ती बाहेरच आली पाहिजे. हवा टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील पट्टी पाहून भरावी. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पौंड वाढतो, म्हणून दुपारी गरम टायरमधून हवा काढू नये. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी सांभाळून चालवायला सांगावे, कारण साच्यातून निघालेल्या रबराच्या अंगावर तुळतुळीत थर असतो.

पोर्शच्या गाड्यांचा कायदा वेगळा. ७१८ ला १८ इंची रिमवर पुढे २३५ आणि मागे २६५ रुंदीचे टायर येतात, म्हणजे पुढचे मागे करता येत नाहीत. शिवाय कंपनीने पसंत केलेल्या टायरवर एन ० किंवा एन १ अशी खूण असते. तीच मागवावी.

मुंबई-पुण्यात हा धंदा करू पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली आणली, आणि आयएसआय खुणेची अट तर त्याआधीपासून आहे. तेव्हा दुबईहून कोणी टायर स्वस्तात पाठवतो म्हणाले, तर पैसे देण्यापूर्वी कस्टमचे काम पाहणाऱ्या एजंटला विचारून घ्यावे.