वॉरंट गावात, माणूस जुरोंगला

नागोठणे, रसायनी, लोटे, तारापूर असल्या कारखान्यांतून शटडाऊनच्या कामाला सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर आलेल्या पोराला मी कामाबद्दल फारसं सांगत नाही. वेल्डिंग त्याला येतं, सेफ्टी इथे शिकवतात. मी विचारतो ते वेगळंच. गावाकडे कुठल्या कागदावर सही करून आलास? पतसंस्थेत चुलतभावाच्या कर्जाला जामीन राहिलास का? कोरे चेक देऊन ठेवलेस का? मोटारसायकलच्या अपघाताची, बांधाच्या भांडणाची किंवा पोटगीची केस अर्धी सोडून आलास का?

उत्तर द्यायला पोरगा थांबला, तर पुढचं सगळं त्याला बसवून सांगतो. तेच तुम्हाला सांगतो.

आपल्या लोकांच्या नावाने तालुका कोर्टात निघणारी पुष्कळशी वॉरंटं चेक न वटल्याच्या केसमधली असतात, म्हणजे 1881च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138. कर्जदार थकतो, पतसंस्था चेक भरते, चेक परत येतो, नोटीस गावच्या पत्त्यावर जाते. आई म्हणते, पोरगा बाहेरदेशी आहे. पोस्टमन तसं लिहून नेतो. मग समन्स, मग बेलेबल वॉरंट, मग नॉन-बेलेबल. साधारण हीच चढण असावी, घाईने नॉन-बेलेबल काढू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007मध्ये इंदर मोहन गोस्वामी खटल्यात सांगितलं आहे. पण तुम्ही एकदाही तोंड दाखवलं नाहीत, तर शेवटच्या पायरीवर जायला वेळ लागत नाही.

आणि हे नीट ऐका. वॉरंटला मुदत नसते. ज्या कोर्टाने काढलं ते कोर्ट रद्द करीपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 70मध्ये होतं. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 72 आहे. प्लांटमध्ये बंद न केलेलं वर्क परमिट जसं बोर्डावर चालूच दिसतं, तसंच हे. आरोपी सापडत नाही म्हणून केस डॉर्मंट फाइलवर टाकतात, तेव्हा लोक म्हणतात, केस संपली. संपलेली नसते, ती बाजूला ठेवलेली असते.

तालुक्याचा हवालदार कॉजवे ओलांडून आयलंडवर येणार नाही, हे खरं. पण तुमचा पासपोर्ट संपत येतो. 1967च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 6 खाली फौजदारी केस प्रलंबित असेल किंवा वॉरंट निघालं असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, कलम 10 खाली हातातला जप्त करता येतो. अर्जात केस लपवणं हा कलम 12 खाली वेगळा गुन्हा, म्हणजे एकाच्या दोन केसेस. पासपोर्ट नाही तर वर्क पास नाही, आणि 2001पासून आयलंडवर पासशिवाय पाऊल ठेवता येत नाही. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 498-अ (सासरचा छळ) सारख्या दखलपात्र गुन्ह्यात लुकआउट सर्क्युलर निघालं असेल तर विमानतळावरच अडवतात, तेही घरचे न्यायला आलेले असताना.

म्हणून वॉरंट आपल्याला शोधण्याआधी आपण त्याला शोधायचं. ई-कोर्ट्सची वेबसाइट आणि ॲप फुकट आहे. राज्य, जिल्हा, कोर्टाची इमारत निवडा, मग पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाका. गावात पाटील पन्नास असतात, आणि कारकुनाने स्पेलिंग कसं टाकलं असेल ते सांगता येत नाही. म्हणून उलट बाजूने शोधा, फिर्यादी पतसंस्थेचं नाव टाका. चेकची केस एस.सी.सी. म्हणून, पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलेली आर.सी.सी. म्हणून दिसते. सापडली की 16 अक्षरांचा सी.एन.आर. नंबर वहीत उतरवा, पुन्हा नाव शोधायला नको. पुढच्या तारखेसमोर कशासाठी ते लिहिलेलं असतं, तिथे बी.डब्ल्यू. किंवा एन.बी.डब्ल्यू. दिसलं की ओळखा. ऑनलाइन काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच कोर्टात रोज उभा राहणारा वकील बेंच क्लार्ककडून रोजनामा पाहून येतो, ती माहिती पक्की.

वकील त्याच तालुक्याचा घ्या. मुंबईचा मोठा वकील तारखेला ज्युनियर पाठवतो आणि प्रवासाचे पैसे लावतो. फोनची वेळही ठरवून घ्या. प्लांटमध्ये तुमचा मोबाइल लॉकरमध्ये असतो, गावाकडचा फोन लागत नाही, आणि आपण अडीच तास पुढे. इथे रात्री नऊ म्हणजे तिकडे साडेसहा. वकील कोर्टातून येऊन चहा घेऊन बसलेला असतो. तेव्हाच बोला. वकीलपत्र सही करून पाठवा. भावाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ग्रेंज रोडच्या भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकित करून घ्या, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायला भावाला सांगा. मात्र मुखत्यारपत्रावर भाऊ तुमच्याऐवजी आरोपी म्हणून उभा राहू शकत नाही.

चेकच्या केसमध्ये वकिलामार्फत हजेरी आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, सोबत कामाचं पत्र आणि पासपोर्टची प्रत, एवढ्यावर काही न्यायाधीश ऐकतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 228 खाली वैयक्तिक हजेरीतून सूट मागता येते. पण नॉन-बेलेबल निघालेलं असेल तर माझं ऐका, स्वतः या. जो आपल्या पायांनी कोर्टात येतो आणि जो पकडून आणला जातो, त्या दोघांकडे न्यायाधीश एकाच नजरेने पाहत नाहीत. दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा असेल तर तिकीट काढण्याआधी त्याच संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाबद्दल वकिलाला विचारा.

आता रजेचं. आपण दिवाळीला किंवा मे महिन्यात घरी जातो, आणि नेमकी तेव्हाच कोर्टाला सुट्टी असते. तातडीपुरते न्यायाधीश असतात, पण मूळ केस त्यांच्यासमोर पुढे सरकत नाही. रजा घेताना वकिलाकडून कोर्टाचं कॅलेंडर मागवा. रजेच्या पहिल्या सोमवारी हजर व्हा, शेवटच्या शुक्रवारी नको. जामीनदार आधीच ठरवून ठेवा, त्याचा ताजा सातबारा किंवा पगारपत्रक आणि आधार हातात असू द्या. जामीनदार मिळाला नाही म्हणून संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि पुकारा होईल तेव्हा चहाच्या टपरीवर असू नका.

तडजोड करणार असाल तर लोकअदालत उत्तम. तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. पण पतसंस्थेत पैसे भरून पावती आणि बेबाकी दाखला घेतला म्हणजे केस मिटली, हा समज मोठा घातक. फिर्यादीने कोर्टात पुरसीस (लेखी निवेदन) द्यायला हवी आणि त्यावर न्यायाधीशांचा आदेश व्हायला हवा. पैसे त्याच दिवशी, त्याच टेबलावर. पोटगीची थकबाकी असेल तर तिथे हुशारी करू नका. त्या पैशावर घरातली पोरं जेवतात. तुरुंगात जाऊन आलं तरी ती रक्कम माफ होत नाही.

कोणी म्हणेल, अमुक साहेबांना एवढे द्या, वॉरंट फाडून टाकतो. त्याला एक डॉलर देऊ नका. वॉरंट कोर्टाच्या नोंदीत असतं, फाडलेल्या कागदाने ती नोंद जात नाही.

इथल्या सिंगापूरच्या वॉरंटबद्दल थोडंच सांगतो. पार्किंगचा किंवा वाहतुकीचा दंड मुदतीत भरला की मिटतो. नाही भरला तर कोर्टाची तारीख येते, आणि ती चुकली तर अटक वॉरंट निघतं. पत्र जुन्या खोलीच्या पत्त्यावर पडून राहिलं ही सबब चालत नाही. बून लेची खोली सोडून दुसरीकडे गेलात तर पत्ता बदलून घ्या. तारीख चुकल्याचं कळलं की हॅवलॉक स्क्वेअरच्या स्टेट कोर्ट्समध्ये स्वतः चौकशी करा. तुआस किंवा वुडलँड्स ओलांडायला निघण्याआधी करा, चेकपॉइंटवर कळण्यात काही अर्थ नाही.

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. वॉरंट रद्द झाल्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढा. एक प्रत गावच्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, कारण कोर्टातून ठाण्यात कागद पोचायला वेळ लागतो आणि तोवर त्यांच्या यादीत तुमचं नाव असतं. दुसरी पासपोर्टसोबत ठेवा. केस अजून चालू असेल तर पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी कोर्टाची परवानगी मागा आणि त्यात मुदत लिहून घ्या; 25 ऑगस्ट 1993च्या अधिसूचनेनुसार आदेशात मुदत नसेल तर पासपोर्ट एकच वर्षाचा मिळतो.

येत्या सुट्टीच्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांनी मिळून बसा आणि एकेकाचं नाव ई-कोर्ट्सवर टाकून बघा. ज्याचं सापडेल त्याला एकट्याला सोडू नका.