'इतर हक्क' वाचल्याशिवाय

चि. बाळूस,


अलिबागजवळची शेतजमीन घ्यायचं तू मनावर घेतलंस. तू खातेदार शेतकरी, त्यामुळे कूळकायद्याचं कलम 63 आड येत नाही. पण सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं नाव आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस. सातबारा म्हणजे महसुलाचा अभिलेख, मालकीचा दस्त नव्हे. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे त्यातली नोंद खरी धरतात, पण उलट पुरावा येईपर्यंतच.

खरी गोम 'इतर हक्क' या रकान्यात असते. तिथे 'साधे कूळ' किंवा 'कूळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र' असं काही दिसलं, तर थांब.

त्या शब्दांमागे तुझ्याच तालुक्याचा इतिहास आहे. खोतांच्या जाचाविरुद्ध 1933 साली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला, शेतं पडीक ठेवली आणि तो 1939 पर्यंत ताणला. पोटाला चिमटा काढून सहा वर्षं! मधल्या काळात, 1937 साली, डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करणारं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. पुढे 1948 चा कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कसणारं कूळ कायद्यानेच जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. किंमत कलम 32 ग खाली ठरायची. ती फेडली की 32 म चं प्रमाणपत्र मिळायचं.

'आता कुठली आलीत कुळं?' असं दलाल हसून म्हणेल. त्याचं ऐकू नकोस. 1957 साली मालक विधवा किंवा अज्ञान असेल, तर कुळाची खरेदी लांबणीवर पडायची. असली जुनी प्रकरणं आजही उकरून निघतात. एखादा माणूस कूळ आहे की नाही, हे दिवाणी कोर्ट ठरवत नाही. तो अधिकार तहसीलदाराचा.

कुळाने अशी मिळवलेली जमीन विकायला कलम 43 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागायची. 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकारणीच्या 40 पट नजराणा भरून ती विकता येते. आकार 5 रुपये असेल, तर नजराणा 200! एवढ्याशा रकमेसाठी व्यवहार अडकलेला पाहिला की हसावं की रडावं कळत नाही.

तेव्हा 1957 पासूनचे फेरफार आणि 32 म प्रमाणपत्राची नक्कल काढ. शेत प्रत्यक्ष कोण कसतंय, ते शेजारच्या बांधावर जाऊन विचार. विसाराचा एक रुपयाही त्याआधी देऊ नकोस.

तुझा,
मामा