घोरणारे बालक : परीक्षणात काय पाहावे?

“मूल आजोबांसारखे घोरते,” असे पालक कौतुकाने सांगतात आणि आपणही ते ऐकून सोडून देतो. काही वर्षांपूर्वी शय्यामूत्रासाठी आणलेल्या ७ वर्षांच्या मुलावर आम्ही ३ महिने चिकित्सा केली. कृमी, आहार, भीती, सर्वांचा विचार झाला. घसा मात्र पाहिला नाही. मुलगा रात्री मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून झोपतो आणि मधूनच श्वास अडून दचकतो, हे आईने चौथ्या महिन्यात बोलता बोलता सांगितले. जीभ दाबून पाहिले तेव्हा दोन्ही टॉन्सिल जवळजवळ एकमेकांना टेकलेले होते.

झोपेत घशाचे स्नायू शिथिल होतात. मार्ग मुळातच अरुंद असेल तर तो मिटतो, श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मूल अर्धवट जागे होते. यालाच ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. साधारणपणे १०० पैकी १ ते ५ बालकांत हा विकार आढळतो. प्रौढ रुग्ण दिवसा पेंगतो; बालक बहुधा चंचल, चिडके, अभ्यासात मागे पडणारे दिसते. रात्री घाम, शय्यामूत्र, सकाळी डोके दुखणे, खुंटलेली वाढ हीही लक्षणे असू शकतात.

२ ते ८ या वयात टॉन्सिल व ॲडेनॉइड श्वासमार्गाच्या मानाने मोठे असतात, म्हणून प्रथम तेच पाहावेत. ॲडेनॉइड नाकाच्या मागे असल्याने तोंडातून दिसत नाही. सदैव उघडे तोंड व नाकातला आवाज यांवरून शंका घ्यावी. कंठशालूक म्हणजेच ॲडेनॉइड, असे अनेक अध्यापक शिकवतात. स्थानाचा विचार करता आम्हास हे समीकरण पूर्ण पटत नाही. तथापि सुश्रुतांनी कंठशालूक शस्त्रसाध्य सांगितला आहे, याचा विसर मात्र पडू नये.

केवळ टॉन्सिलच्या आकारावरून विकाराची तीव्रता ठरत नाही. तेवढेच टॉन्सिल असलेली दुसरी मुले शांत झोपतात. म्हणून बालकास बाजूने पाहावे : हनुवटी मागे गेलेली आहे काय? टाळू उंच व अरुंद आहे काय? चेहऱ्याचा मध्यभाग बसका आहे काय? डाउन सिंड्रोममध्ये अरुंद श्वासमार्ग, तुलनेने मोठी जीभ आणि स्नायूंची शिथिलता एकत्र येतात. अशा बालकाची निद्राचाचणी लक्षणे नसली तरी ४ वर्षांच्या आत व्हावी, असा बालरोगतज्ज्ञांचा संकेत आहे. स्थूल बालकात घशाभोवतीचा मेद मार्ग दाबतो आणि पोटाचा मेद श्वासपटलास अडवतो. अशा मुलांत शस्त्रकर्मानंतरही विकार शिल्लक राहू शकतो. तेथे मेदोहर आहार-विहार हे आपले खरे कार्यक्षेत्र होय. नाकाच्या ॲलर्जीची चिकित्साही टाळू नये.

निद्राचाचणीत तासाला ५ पेक्षा कमी अवरोध प्रौढास चालतात. बालकात १ च्या पुढचा आकडा विकृत मानला जातो. दवाखान्यात जागेपणी बोटावरचे यंत्र ९८ दाखवते म्हणून निश्चिंत होऊ नये. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ५ ते ९ वर्षांच्या मुलांत ७ महिन्यांनी शस्त्रकर्म झालेल्यांपैकी ७९ टक्के, तर केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांची चाचणी सामान्य झाली. थांबण्यास वाव आहे, असा याचा अर्थ निघतो खरा. परंतु ती मुले चाचणी करून निवडलेली होती आणि प्राणवायू फार घटणारी मुले त्यात घेतलेली नव्हती. चाचणीविना “औषधाने बघू” म्हणणे वेगळे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. मूल रात्री तळमळते म्हणून जायफळ उगाळून देण्याची घरोघरी रीत आहे. खोकल्याची गुंगी आणणारी औषधेही सर्रास मागितली जातात. घोरणाऱ्या बालकास अशी द्रव्ये देऊ नयेत. घशाचे स्नायू आणखी शिथिल करणे येथे धोक्याचे ठरू शकते.

आमच्या त्या रुग्णास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठविले. चाचणीनंतर टॉन्सिल व ॲडेनॉइड काढले गेले. शय्यामूत्र पुढील २ महिन्यांत थांबले. आता आम्ही आठवड्यातून ३ रात्रींहून अधिक घोरणाऱ्या प्रत्येक बालकाच्या पालकांस झोपेतील ५ मिनिटांचे मोबाइल चित्रण, छाती उघडी ठेवून, आणावयास सांगतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर त्याच दिवशी तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी देतो.